जुना सर्व्हर की नवा डेस्कटॉप : आपल्या देणगीचा हिशेब

(दहावी १९९४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दिवाळीच्या सुट्टीत २०२४ मध्ये नांदेड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण पोटभर हसलो, दिवंगत शिक्षकांची नावं घेताना रडलोही. आता जेवण झालंय आणि मला संगणकाच्या प्रोसेसरवर बोलायला उभं केलंय. मागच्या बाकावरचे डुलक्या काढणार, हे मला माहीत आहे. ते तीस वर्षांपूर्वीही काढत होते. पण विषय आपल्या सगळ्यांच्या पैशाचा आहे, तेव्हा वीस मिनिटं जागे राहा.

शाळेच्या संगणक-खोलीसाठी आपण दोन लाख रुपये जमवले आहेत. कुणी पंचवीस हजार दिले, कुणी दोन हजार. आपली एक मैत्रीण शिवणकाम करते. तिने पाचशे रुपये दिले आणि सोबत निरोप पाठवला, "चांगलंच घ्या, असं परत परत होत नाही." हा निरोप वाचल्यापासून मला नीट झोप नाही, कारण गेले दोन महिने आपल्या गटावर जे भांडण चाललं होतं, त्याचं मूळ मी आहे.

ज्यांनी गट 'म्यूट' करून ठेवला होता त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी म्हणत होतो की मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले जुने सर्व्हर स्वस्तात मिळतात. त्यातले दोन घेऊ, त्यांना दहा-बारा साधे पडदे आणि कीबोर्ड जोडू, अख्खा वर्ग एकाच वेळी बसेल. दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं की नांदेडच्याच दुकानातून साधे नवे डेस्कटॉप घ्यावेत, कमी आले तरी चालतील. मी लातूरला तीस वर्षं संगणकाचं काम करतो म्हणून माझ्या शब्दाला वजन आलं. 'सोळा कोअर, बत्तीस थ्रेड' असं लिहून मी बऱ्याच जणांना गप्प केलं. एकाने विचारलंही, "अरे, ते बत्तीस धागे घेऊन पोरांना काय रुमाल विणायलास का?" तेव्हा मी चिडलो होतो. आता वाटतं, प्रश्न बरोबर होता.

गणिताचे सर समोर बसले आहेत. सर, तुम्ही म्हणायचात, चुकलेली पायरी खोडू नका, तिच्यावर एक रेघ मारा आणि खाली बरोबर पायरी लिहा, म्हणजे कुठे चुकलं ते दिसेल. आज तेच करायला उभा आहे. माझा प्रस्ताव मी मागे घेतो. पण कुठे चुकलो ते दाखवून, कारण तुमच्यापैकी अनेक जण घरी, दुकानात, क्लासमध्ये याच प्रश्नापाशी येणार आहात.

आधी माझा प्रस्ताव वेडेपणाचा का नव्हता ते सांगतो.

२०१६ चा उन्हाळा आठवा. मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला येत होतं. त्याच उन्हाळ्यात मी माझ्या छोट्या ऑफिससाठी एक जुनी सर्व्हर-मशीन घेतली. लातुरात क्लासेसची कामं भरपूर. तासांचं चित्रीकरण करायचं, त्याच्या लहान फाइली करायच्या, सराव-परीक्षांचे निकाल लावायचे. त्या मशीनमध्ये इंटेलचे दोन झिऑन प्रोसेसर होते, ई५-२६७०. हा प्रोसेसर २०१२ च्या मार्चमध्ये बाजारात आला तेव्हा एकाची किंमत दीड हजार डॉलरच्या आसपास होती. एकात आठ कोअर, म्हणजे दोनात सोळा. मोठ्या कंपन्या आपले सर्व्हर चार-पाच वर्षांनी बदलतात. ते बिघडलेले नसतात, त्यांची हमी संपलेली असते. म्हणून असे प्रोसेसर एकदम हजारोंनी बाजारात येतात आणि मातीमोल भावाने विकले जातात.

आणि २०१६ मध्ये समोर पर्याय काय होता? घरगुती वापराच्या इंटेलच्या नेहमीच्या प्रोसेसरमध्ये तेव्हा जास्तीत जास्त चार कोअर. त्याच पैशात मला सोळा मिळत होते. शिवाय सर्व्हरची मेमरी चुका स्वतः ओळखून दुरुस्त करणारी, ती स्वस्तात चौसष्ट जीबी मिळाली. तो सौदा त्या दिवशी शंभर टक्के बरोबर होता. त्या मशीनने माझं घर चालवलं, हे मी नाकारणार नाही.

चूक इथे झाली की २०१६ चं उत्तर मी २०२४ मध्ये तसंच्या तसं लिहिलं. प्रश्न बदलला आहे, हे पाहिलंच नाही.

आता ज्यांना कोअर म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी आपल्याकडचंच उदाहरण देतो. सोयाबीन काढायला आलंय, आभाळ भरून आलंय. शेतात सोळा माणसं घातली तर दिवसात रान मोकळं होतं, चार घातली तर चार दिवस लागतात. काम वाटून घेता येतं, म्हणून माणसं वाढवण्यात फायदा. पण मुदखेडहून नांदेडला एक चिठ्ठी पोचवायची असेल तर? सोळा माणसं पायी पाठवली म्हणून चिठ्ठी लवकर पोचत नाही. तिथे मोटारसायकलवरचा एकच पोरगा जिंकतो.

जुना सर्व्हर म्हणजे ती सोळा माणसं. नवा डेस्कटॉप म्हणजे मोटारसायकलवाली चार पोरं.

काम वाटून घेता येतं तेव्हा काय होतं, याचं आपलंच उदाहरण पुण्याचं आहे. अमेरिकेने महासंगणक द्यायला खळखळ केली, तेव्हा सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. डॉ. विजय भटकरांचं नाव तेव्हा आपण सामान्यज्ञानात पाठ केलं होतं. त्यात एकच राक्षसी प्रोसेसर नव्हता, अनेक छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून काम वाटून दिलेलं होतं. वैज्ञानिक आकडेमोडीची मोठी कामं अशी वाटता येतात. पण आपल्या शाळेतलं मूल जे करतं, ते वाटता येतं का?

हे पाहायला मी गेल्या महिन्यात शाळेत गेलो. कुणाला सांगितलं नव्हतं, बाईंची परवानगी घेतली आणि दोन दिवस संगणक-खोलीत मागच्या बाकावर बसलो. तुम्हाला आठवत असेल, आपल्या वेळी त्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागायच्या. एक संगणक आणि पन्नास पोरं, आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर मखमली कापड. आपण त्याला हात कमी लावला, नमस्कार जास्त केला.

आताची मुलं काय करतात? मराठी टाइप करतात. स्क्रॅचमध्ये मांजर नाचवतात. 'दीक्षा'वरचे धड्यांचे व्हिडिओ पाहतात. शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. तास संपला की त्याच संगणकावर शिक्षक 'सरल' आणि 'यू-डायस'ची माहिती भरत बसतात. एक पान उघडायचं, ते दिसेपर्यंत थांबायचं, पुढचं उघडायचं. ही सगळी चिठ्ठी पोचवायची कामं आहेत, सोयाबीन काढणीची नाहीत. यात एका कोअरचा वेग मोजला जातो, कोअरची संख्या नाही.

आता आकडे सांगतो. सर, फळ्यावर लिहिल्यासारखंच सांगतो.

माझा जुना ई५-२६७० : आठ कोअर, जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झ, ११५ वॅट. नव्या बाजूला, अगदी साधा म्हणून ओळखला जाणारा आय३-१२१००, जानेवारी २०२२ चा : चार कोअर, ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत, ६० वॅट. नुसत्या गिगाहर्ट्झवर जाऊ नका. दहा वर्षांत प्रोसेसर एका ठोक्यात जास्त काम उरकायला शिकले आहेत. म्हणून एका कोअरच्या चाचणीत हा साधा आय३ त्या झिऑनच्या दुपटीहूनही थोडा पुढे जातो.

"पण सगळे कोअर मिळून तरी जुना जिंकेल ना?" मलाही तेच वाटत होतं. माझा गैरसमज २०२२ च्या मे महिन्यात दूर झाला, आणि तो महागात पडला. ऐन परीक्षांच्या हंगामात माझ्या मशीनचा मदरबोर्ड गेला. प्रोसेसर सहसा मरत नाही, मरतो तो बोर्ड. दोन प्रोसेसर बसतील असा तो बोर्ड लातुरात नाही, नांदेडात नाही. बाहेरून मागवला, तीन आठवड्यांनी आला, तो सुरूच होईना. परत पाठवला, पैसे अडकले. दोन क्लासवाल्यांचं काम माझ्या हातून गेलं, त्यातला एक पुन्हा कधी आला नाही. शेवटी मुकाट्याने आंबेडकर चौकाकडच्या एका दुकानातून आय५-१२४०० चा साधा डेस्कटॉप उचलला. सहा कोअरचा. मनात म्हटलं, तात्पुरता चालवू.

पहिल्याच रात्री एका तासाच्या व्हिडिओची फाइल करायला लावली. जुन्या मशीनला त्या कामाला पाऊण तास लागायचा. नव्याने अर्ध्या तासाच्या आसपास उरकलं. सहा पोरांनी सोळा जणांना शेतातही मागे टाकलं होतं. २०१७ मध्ये एएमडीचे आठ कोअरचे रायझन आले, त्याच वर्षी इंटेलनेही घरगुती प्रोसेसरमध्ये सहा कोअर दिले, आणि पुढच्या पाच वर्षांत हे अंतर कधी बुजलं, ते मला जुन्या मशीनच्या प्रेमात कळलंच नाही.

आता विजेचा हिशेब. यात लोक दोन्हीकडून अतिशयोक्ती करतात, म्हणून मी मीटर लावून मोजलं. जुनी मशीन नुसती चालू असताना १४० वॅट, कामाला लागली की ३३०. नवा डेस्कटॉप नुसता चालू असताना २५ ते ३०. सरासरी फरक दीडशे वॅट धरू. शाळेत दिवसाला सहा तास, वर्षाला २२० दिवस, म्हणजे १,३२० तास. साधारण १९८ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर एका मशीनमागे वर्षाला दोन हजारांच्या आत. म्हणजे नुसत्या विजेसाठी घाबरून जावं असं शाळेत काही नाही. पण माझ्या ऑफिसात मशीन दिवसरात्र चालायची. तिथे तोच फरक वर्षाला १,३१४ युनिट होतो, म्हणजे तेरा हजार रुपये. मशीन जितकी जास्त तास चालणार, तितकं तिचं 'स्वस्त' असणं खोटं पडत जातं.

शाळेत विजेपेक्षा दोन गोष्टी मोठ्या आहेत. एक उष्णता. जी वीज मशीन खाते ती सगळी खोलीतच गरमी होऊन बाहेर पडते. आपल्या खोलीला दोन पंखे आहेत आणि पत्रा तापतो. मार्च-एप्रिलच्या नांदेडात दोन शेगड्या पेटवून मुलांना शिकवायचं का? दुसरी, वीज जाणं. सहाशे व्हीएचा साधा यूपीएस नव्या डेस्कटॉपला फाइल साठवून नीट बंद करण्याइतका वेळ आरामात देतो. जुन्या सर्व्हरने भर कामात तोच यूपीएस माझ्याकडे ओरडून बसवला होता.

आणखी काही बारीक गोष्टी आहेत, त्या विकणारा सांगत नाही. त्या झिऑनमध्ये पडद्यावर चित्र दाखवायची सोयच नसते, वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं. आय३-१२१०० मध्ये ते आतच असतं आणि हल्लीच्या नव्या पद्धतीचे व्हिडिओही ते न अडखळता दाखवतं. सर्व्हरची ती स्वस्त मेमरी साध्या डेस्कटॉपला चालत नाही, म्हणजे उद्या मशीन गेली की मेमरीही पडून राहते. विंडोज १० च्या आधाराची अखेरची तारीख १४ ऑक्टोबर २०२५, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे जुने झिऑन बसत नाहीत. लिनक्स छान चालतं, पण मग ते सांभाळणारा माणूस हवा.

आणि माझा प्रस्ताव याच 'माणूस हवा' या दोन शब्दांवर पडला.

एका सर्व्हरला दहा पडदे जोडायची पद्धत चांगली आहे, जगात अनेक शाळांनी वापरली आहे. दहा मुलं एकदम बसली की काम आपोआप दहा जणांत वाटलं जातं, तिथे जुन्या सर्व्हरचे कोअर आणि मेमरी उपयोगी पडतात, हे खरं. पण त्यात सर्व्हर गेला की दहाही पडदे काळे. त्या दिवशी तो कोण उघडणार? मी लातूरला. आपला दुसरा तज्ज्ञ हैदराबादला, तिसरा पुण्यात. शाळेत संगणक शिकवणाऱ्या मॅडम मुळात विज्ञानाच्या, वीस तास घेऊन वर हे सांभाळतात. मी त्यांना माझी योजना समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "सर, हे बिघडलं तर मी कुणाला फोन करायचा?" मी माझा नंबर दिला. पण मे २०२२ मध्ये माझ्याच ऑफिसात मी कुणाला फोन करू शकलो नव्हतो, हे मला तेव्हाच आठवलं. पाच वेगळे संगणक असले तर एक बंद पडला तरी चार चालतात, आणि तो एक रिक्षात घालून वजिराबादेतल्या कुठल्याही दुकानात नेता येतो.

मित्रांनो, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण कुणी विसरलेलो नाही. आदल्या रात्री गणपती बोळवून झोपलो होतो, आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आपण दहावीत होतो. किल्लारीच्या लोकांसाठी आपण घरोघर फिरून कपडे गोळा केले. शाळेच्या ओसरीत गाठोड्यांचा ढीग लागला. मग मराठीच्या बाईंनी एकेक गाठोडं सोडायला लावलं. फाटके, विटलेले, गुंड्या नसलेले कपडे बाजूला काढले. अर्ध्याहून जास्त ढीग बाजूला गेला. आपण हिरमुसलो. बाई म्हणाल्या, "घरात नको झालेलं देणं म्हणजे अडगळ हलवणं. त्यांना काय लागतं ते आधी विचारा." दुसऱ्या दिवशी आपण सतरंज्या आणि पातेली मागत फिरलो.

बाई आज आपल्यात नाहीत. पण त्या खोलीत मागच्या बाकावर बसलो असताना मला तीच ओसरी दिसत होती. जुना सर्व्हर हा माझ्या आवडीचा होता, माझ्या ज्ञानाचा दिमाख होता. मुलांना काय लागतं हे मी विचारलंच नव्हतं.

याचा अर्थ जुना सर्व्हर वाईट, असा घेऊ नका. तुमचा मुलगा अभियांत्रिकीला असेल आणि त्याला एकाच मशीनवर पाच-सहा आभासी संगणक उभे करून सर्व्हर सांभाळणं शिकायचं असेल, तर त्याला जरूर घेऊन द्या. भरपूर मेमरी लागणारं, भरपूर डिस्क लागणारं काम असेल, तरी विचार करा. फक्त घेताना नावापुढची आवृत्ती बघा. नुसता ई५ आणि 'व्ही४' यांत चार वर्षांचं अंतर आहे. २०१६ चा व्ही४ नव्या पद्धतीची मेमरी घेतो, आणि आजची काही सॉफ्टवेअर ज्या सूचनांवाचून सुरूच होत नाहीत, त्याही त्याला समजतात. २०१२ च्या प्रोसेसरला त्या समजत नाहीत. आणि बोर्ड गेला तर दुसरा कुठून आणणार, हे पैसे देण्याआधी विचारा, नंतर नाही.

आता आपला हिशेब. आय३-१२१००, आठ जीबी मेमरी, पाचशे जीबीची एसएसडी, पडदा, कीबोर्ड, माउस धरून एक संगणक तेहतीस हजारांना, इथल्याच दुकानाचं कोटेशन आहे. पाचाचे एक लाख पासष्ट हजार. पाच यूपीएस साडेबारा हजार. उरतात साडेबावीस हजार. ते आजच खर्च करायचे नाहीत. शाळेच्या नावावर वेगळे ठेवायचे, पुढच्या तीन वर्षांच्या दुरुस्तीसाठी. भेट दिलेल्या वस्तू बऱ्याचदा बंद पडतात त्या दुरुस्तीच्या दोन हजारांअभावी, आणि त्या दोन हजारांसाठी फोटो निघत नाही म्हणून ते कुणी देत नाही.

मी सुचवतो तो ठराव एवढाच. सर्वांना मान्य असेल तर हात वर करा. आणि संगणकांवर मखमली कापड घालायचं नाही, ही माझी एकच अट. मुलांच्या हाताने ते झिजले पाहिजेत.

माझ्याकडून एक गोष्ट. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी लातूरहून सकाळच्या एसटीने येईन आणि दुपारपर्यंत त्या खोलीत बसेन. नांदेडात राहणाऱ्यांपैकी दोघांनी मधले शनिवार वाटून घ्यावेत. हे काम मात्र वाटून घेता येतं. तिथे जितकी माणसं जास्त तितकं बरं.

सर, चुकलेल्या पायरीवर रेघ मारली आहे. खालची पायरी तपासून द्या.